नकली पिस्तुलाची अस्सल शिस्त

मुलाने क्रिकेटची बॅट मागितली तर घरात आनंद होतो, बुद्धिबळाचा पट मागितला तर अभिमान वाटतो आणि तबला मागितला तर आधी शेजाऱ्यांचा विचार मनात येतो. पण मुलाने पिस्तूल मागितले तर? दिवाळीत टिकल्या फोडायचे पत्र्याचे पिस्तूल नव्हे. दिसायला हुबेहूब खऱ्यासारखे, हातात घेतले की खऱ्याच्या जवळपास जड, आत गॅस भरून चालणारे आणि सहा मिलिमीटरची प्लॅस्टिकची गोळी तीस-चाळीस मीटर फेकणारे पिस्तूल. या प्रकाराला एअरसॉफ्ट म्हणतात. जपानमध्ये तो जन्मला, वाढला आणि तिथून अमेरिका, युरोप, हाँगकाँग, तैवान असा पसरला. आपल्याकडच्या घरांत हा प्रश्न अजून क्वचितच उभा राहतो. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी घरांत मात्र तो उभा राहू लागला आहे, आणि तिथल्या आया इथल्या भावांना फोन करू लागल्या आहेत.

असा एक फोन मला आला. माझी थोरली बहीण गेली वीस वर्षे टोकियोच्या उत्तरेला सैतामामध्ये राहते. तिच्या धाकट्याला अठरा पूर्ण झाली आणि त्याने गॅसच्या पिस्तुलाचा हट्ट धरला. "अरे, कॉलेजात एनसीसीत रायफल चालवायचास ना तू? मग आता तूच समजाव याला," ताई म्हणाली. एनसीसीच्या शिबिरात पॉइंट टू टू रायफलीतून झाडलेल्या मोजक्या गोळ्या, एवढेच माझे भांडवल. पण मामा हे नातेच असे आहे की नकार देता येत नाही. पुढे दीड महिना तिच्याकडे राहण्याचा योग आला. उएनो आणि अकिहाबारा भागातली दुकाने भाच्याबरोबर पालथी घातली, चिबा जिल्ह्यातल्या एका मैदानावर हा खेळ दिवसभर पाहिला, आणि ताईचे "नको" व भाच्याचे "हवेच" या दोहोंच्या मधोमध माझे एक मत तयार झाले.

ते मत आधीच सांगून टाकतो. नवख्याने पहिले पिस्तूल निवडताना सर्वांत जोरकस किंवा सर्वांत देखणे काय, हा प्रश्न विचारू नये. आपल्या गावचा कायदा, आपल्या हाताचा पंजा आणि आपल्या अंगची शिस्त यांना झेपेल असे कोणते, हा प्रश्न विचारावा. आणि घरच्या मोठ्यांनी "खेळणेच तर आहे" असे म्हणून मान फिरवू नये. हे खेळणे आहे ही गोष्ट फक्त ते ज्याच्या हातात आहे त्याला ठाऊक असते. समोरच्याला ती कळायला मार्ग नसतो. या विषयातले सारे शहाणपण आणि सारा धोका या एका वाक्यात आला.

हा छंद जपानमध्येच का जन्मला, हेही पाहण्यासारखे आहे. १९५८ च्या शस्त्रविषयक कायद्याने तिथे सामान्य नागरिकाला पिस्तूल बाळगणे जवळजवळ अशक्य केले. पण सिनेमातल्या पिस्तुलांचे आकर्षण कायद्याने थोडेच जाते? साठच्या दशकात तिथे धातूच्या हुबेहूब नकला निघाल्या, त्या मॉडेल गन म्हणून विकल्या जाऊ लागल्या आणि त्यांचा गैरवापरही झाला. म्हणून १९७१ साली कायदा दुरुस्त होऊन धातूच्या नकली पिस्तुलांच्या नळ्या बुजवणे व त्यांना पांढरा किंवा पिवळा रंग देणे सक्तीचे झाले. मग कारखानदार प्लॅस्टिककडे वळले आणि मऊ गोळी फेकणाऱ्या बंदुकांचा जमाना आला. पुढे २००५ च्या सुमारास काही महाभागांनी अशा बंदुकांची ताकद वाढवून चालत्या मोटारींवर गोळ्या झाडल्या. तेव्हा २००६ साली सहा मिलिमीटरच्या गोळीसाठी ०.९८ ज्यूल ही ऊर्जेची कमाल मर्यादा घालण्यात आली. या छंदातला प्रत्येक नियम कुणाच्या तरी आगाऊपणामुळे लिहिला गेला आहे, हे नवख्याने पहिल्या दिवशीच लक्षात घ्यावे.

हे ०.९८ ज्यूल म्हणजे किती? या खेळातली नेहमीची गोळी ०.२० ग्रॅमची असते, म्हणजे तांदळाच्या दहा-एक दाण्यांच्या वजनाची. मर्यादेला टेकलेल्या पिस्तुलातून ती सेकंदाला नव्व्याण्णव मीटर, म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटर वेगाने सुटते. बुमराहच्या चेंडूच्या दुपटीहून जास्त वेग, पण वजन नाममात्र. म्हणून ती जाड कपड्यावर लागली तर टिचकी मारल्यासारखे वाटते आणि उघड्या कातडीवर लागली तर लाल वळ उठतो. डोळ्याला लागली तर मात्र दृष्टी जाऊ शकते. हा "मात्र" फार मोठा आहे. त्याच्याकडे पुढे येऊ.

आता यंत्राविषयी. ज्या घरात स्वयंपाकाचा सिलिंडर आहे त्या घरात हे यंत्र समजायला अवघड नाही. पिस्तुलाच्या मुठीत जे मॅगझिन सरकवतात, त्यात गोळ्यांबरोबर गॅसची छोटी टाकी असते. डब्यातला गॅस दाबाखाली द्रवरूपात असतो. तो टाकीत भरायचा, तिथे त्याची वाफ होऊन दाब धरते, आणि चाप ओढला की थोडी वाफ सुटून गोळीला ढकलते. उरलेली वाफ पिस्तुलाचा वरचा भाग मागे फेकते, म्हणजे पुढची गोळी आपोआप नळीत येते आणि हाताला धक्काही बसतो. यालाच ब्लोबॅक म्हणतात. हिवाळ्यात संपत आलेला सिलिंडर कसा मंदावतो, हे गृहिणींना ठाऊक आहे. तसेच हे पिस्तूलही थंडीत मलूल होते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने भराभर गोळ्या झाडल्या की मॅगझिनही बर्फासारखे गार पडते आणि दाब उतरतो. म्हणून जाणते लोक एका पिस्तुलाला दोन मॅगझिने घेतात आणि एक वापरताना दुसरे खिशात उबदार ठेवतात. स्टोव्हवर किंवा हीटरवर मॅगझिन शेकण्याचा उद्योग चुकूनही करू नये.

गॅस मुख्यतः तीन प्रकारचे. पहिला १३४ए, म्हणजे फ्रिज आणि मोटारीच्या एअर कंडिशनरमध्ये वापरला गेलेला वायू. वीस अंश सेल्सिअसला त्याचा दाब वातावरणाच्या पावणेसहा पट असतो आणि शून्य अंशाला तो तिपटीच्या आत येतो. जपानची पिस्तुले वर्षानुवर्षे याच सौम्य गॅसवर बेतली गेली. पण पृथ्वी तापवण्यात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून भारी आहे, त्यामुळे त्याच्या जागी आता दुसरे वायू येऊ लागले आहेत. दुसरा "ग्रीन गॅस". नाव हिरवे असले तरी तो मूळचा प्रोपेन, म्हणजे आपल्या सिलिंडरातल्या गॅसचाच भाऊबंद. स्वयंपाकाच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास दिलेला असतो. इथे तो वास नसतो आणि वंगणासाठी थोडे सिलिकॉनचे तेल घातलेले असते. याचा दाब आठ-साडेआठ पट. तो पेट घेतो, आणि वास नसल्याने गळती नाकाला कळत नाही. देवघरातल्या समईपाशी किंवा गॅसच्या शेगडीपाशी तो भरणे म्हणजे संकटाला आवतण. तिसरा कार्बन डायऑक्साइड, घरगुती सोडा मशीनमध्ये असतो तोच. या खेळासाठी तो बारा ग्रॅमच्या नळकांड्यांतून येतो आणि नळकांड्यातला दाब सत्तावन्न पटींच्या आसपास असतो. तो थंडीत दगा देत नाही. परंतु त्याचा तडाखा मोठा, पिस्तुलाची झीज मोठी आणि वेगही मोठा.

दुकानातला पोरगेला विक्रेता काहीही म्हणो, नवख्याला तिसऱ्या प्रकाराची गरज नाही. निवडीचे पहिले सूत्र असे: देश, गॅस आणि पिस्तूल ही तिन्ही एकमेकांना धरून असली पाहिजेत. जपानमध्ये घेत असाल तर सौम्य गॅसवर चालणारे, प्लॅस्टिकच्या अंगाचे तिथलेच पिस्तूल घ्यावे. त्यात बाहेरचा जोरकस गॅस भरला तर नाजूक भाग तडकतात आणि ऊर्जेची मर्यादा ओलांडून माणूस नकळत गुन्हेगार होतो. अमेरिकेत घेत असाल तर ग्रीन गॅससाठीच बनवलेले घ्यावे. बाटलीवर आणि पिस्तुलाच्या पुस्तिकेत एकच नाव लिहिलेले दिसले पाहिजे. कुकरच्या शिट्टीची जागा आपण दुसऱ्या कुकरच्या शिट्टीने भरत नाही, तसेच हे.

दुसरे सूत्र हाताचे. ही पिस्तुले साधारण सातशे ते नऊशे ग्रॅम वजनाची असतात आणि त्यांच्या मुठी सारख्या नसतात. स्पर्धांतल्या पिस्तुलांच्या धर्तीवर बनवलेले "हाय-कॅपा" फार लोकप्रिय आहे. त्याचे सुटे भाग कुठेही मिळतात, त्याच्या मॅगझिनमध्ये तीसएक गोळ्या मावतात. पण त्याची मूठ जाड आहे. १९११ साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेल्या प्रसिद्ध पिस्तुलाच्या नकलेची मूठ बारीक, ती लहान पंजाला बरी पडते. ग्लॉकची नकल या दोहोंच्या मधली, साधीसुधी. पिस्तूल हातात धरल्यावर तर्जनीचे पहिले पेर चापावर आरामात टेकते का आणि अंगठा खटक्यापर्यंत पोचतो का, एवढे पाहावे. चप्पल घेताना जशी पायात घालून चार पावले चालून बघतो, तसे. जाहिरातीतला नट कोणते धरतो याला काडीचेही महत्त्व नाही. भाचा सिनेमात पाहिलेल्या एका अवाढव्य पिस्तुलावर भाळला होता. ते हातात देताच त्याचे मनगट खाली झुकले आणि माझा युक्तिवाद विनासायास सिद्ध झाला.

तिसरे सूत्र दुरुस्तीचे. ब्लोबॅक पिस्तुलात हलणारे भाग बरेच, रबराच्या चकत्या बऱ्याच. त्या वाळतात, गळतात, बदलाव्या लागतात. म्हणून फार खपणारे, दहा दुकानांत ज्याचे सुटे भाग मिळतात असे मॉडेल निवडावे. जगात दोनशेच जणांकडे असलेले दुर्मीळ मॉडेल हे संग्राहकाचे काम. वरचा भाग न हलणारी पिस्तुलेही मिळतात. ती कमी गॅस खातात, कमी आवाज करतात आणि कमी बिघडतात. धक्क्याच्या गमतीवर जीव नसेल तर नवख्याला तीही उत्तम. वापरून झाल्यावर मॅगझिनमध्ये थोडासा गॅस राहू द्यावा, म्हणजे चकत्या बसक्या होत नाहीत. नळी सिलिकॉनच्या तेलाने पुसावी. गोळ्या चांगल्या कंपनीच्या घ्याव्यात आणि जमिनीवरून वेचलेली गोळी पुन्हा भरू नये, कारण ती खरवडलेली असते आणि नळीत अडकते. नळीच्या मागच्या टोकाशी, गोळी जिथून आत शिरते तिथे, एक छोटा रबरी उंचवटा असतो. तो गोळीला उलटी फिरकी देतो, टेबल टेनिसमध्ये चॉप मारतात तशी. त्या फिरकीमुळेच एवढीशी गोळी हवेत तरंगत लांब जाते. ती फिरकी जुळवण्यात नवख्याचे पहिले दोन रविवार खुशाल जाऊ द्यावेत. खेळ तिथूनच सुरू होतो.

आणि वय? जपानमधल्या उत्पादकांनी स्वतःहून दोन वर्ग केले आहेत. अठरा वर्षांवरील आणि दहा वर्षांवरील. दहा वर्षांवरील मुलांसाठीच्या बंदुकांची ताकद फारच कमी असते. आपल्या घरात बारा-चौदा वर्षांचे मूल मागत असेल तर त्याला गॅसचे पिस्तूल मुळीच देऊ नये. दर वेळी हाताने ओढावे लागणारे स्प्रिंगचे पिस्तूल द्यावे. ते स्वस्त असते आणि त्याचा मोठा गुण म्हणजे एका गोळीनंतर थांबून विचार करावा लागतो. गॅसचे पिस्तूल ही बढती आहे. ती वयाने नव्हे, वागणुकीने मिळवायची असते.

आता डोळ्यांकडे येतो. माझ्या मते या छंदाचा सगळा हिशेब पैशांच्या वाटणीत दिसतो. पिस्तुलाच्या खरेदीसाठी जी रक्कम ठरवली असेल, तिच्यातून पहिली खरेदी चष्म्याची असावी. साधा गॉगल नव्हे, नंबरचा चष्माही नव्हे. गोळीचा मारा झेलण्यासाठी तपासलेला, बाजूने बंद असलेला, डोक्याला पट्ट्याने घट्ट बसणारा चष्मा. आणि तो एकच नव्हे. जो मारतो त्याला एक, आणि खोलीत जो जो आहे त्याला एक. गोळी फरशीवर, भिंतीवर आपटून उलटी येते, ती कुणाची ओळख विचारून येत नाही. दुसरी खरेदी कुलूप लागणाऱ्या पेटीची. तिसरी, घरात सराव करायचा असेल तर, मागे जाड टॉवेल लोंबता सोडलेल्या खोक्याची, म्हणजे गोळी तिथेच पडते. या तीन वस्तूंना पैसे उरत नसतील तर पिस्तूल महाग निवडले आहे, असे खुशाल समजावे. भाऊजी हिशेबाचे पक्के. त्यांना हा मुद्दा ताबडतोब पटला आणि त्यांनी मुलाला सांगितले, "चष्म्याची पावती आधी दाखव, मग पिस्तुलाचे बोलू."

घरातल्या नियमांची यादी लांब नाही. पिस्तूल रिकामे आहे असे कधीही गृहीत धरायचे नाही. माणसाकडे, मांजराकडे, आरशाकडेसुद्धा गमतीने रोखायचे नाही. मारायचे नसेल तेव्हा बोट चापाबाहेर. काम झाले की मॅगझिन काढायचे, नळीतली उरलेली गोळी काढून टाकायची आणि मगच पेटीत ठेवायचे. आणि सर्वांत मोठा नियम: घराबाहेर ते कधीही उघडे न्यायचे नाही. गॅलरीत नाही, अंगणात नाही, गाडीच्या सीटवर नाही, मित्राला दाखवायला तर नाहीच.

हा शेवटचा नियम वाचकांना कदाचित अतिरेकी वाटेल. त्यांच्यासाठी एक घटना सांगतो. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात तामीर राईस नावाचा बारा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा एका बागेत खेळत होता. त्याच्या हातात मित्राकडून आणलेले एअरसॉफ्ट पिस्तूल होते. अशा पिस्तुलांच्या तोंडाला अमेरिकेत नारिंगी रंगाची खूण असते, ती या पिस्तुलाला उरलेली नव्हती. कुणीतरी पोलिसांना फोन केला. फोन करणाऱ्याने पिस्तूल बहुधा नकली असावे असेही सांगितले होते, पण ते वाक्य गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोचले नाही. गाडी येऊन थांबली आणि दोन सेकंदांच्या आत एका पोलिसाने गोळी झाडली. दुसऱ्या दिवशी तो मुलगा गेला. पुढच्या वर्षी ग्रँड ज्युरीने त्या पोलिसावर खटला भरण्यास नकार दिला आणि २०१६ मध्ये शहराने कुटुंबाला साठ लाख डॉलर देऊन दावा मिटवला. त्या पोलिसाची घाई, वर्णाचा पूर्वग्रह, हरवलेला निरोप यांवर अमेरिकेत पुष्कळ वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. त्यात दोष मुलाचा नव्हता, मोठ्यांचा होता. पण आपल्या घरातल्या मुलांची, त्यातही गोऱ्या देशांत वेगळ्या रंगाच्या कातडीत वाढणाऱ्या आपल्या मुलांची काळजी असणाऱ्या आई-बापांनी त्या दोन सेकंदांची आठवण ठेवावी. त्या दोन सेकंदांत "हे खेळणे आहे" असे सांगायला कुणालाही वेळ मिळत नाही.

नारिंगी टोकाची सक्ती अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने आली. हुबेहूबपणाला बाधा येते म्हणून काही पोरे ते टोक रंगवतात किंवा काढून टाकतात. नवख्याने असे पिस्तूल कुणाकडून वापरलेले, स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. इंग्लंडने याहून शहाणपणाची वाट काढली आहे असे मला वाटते. २००६ चा कायदा तिथे २००७ च्या ऑक्टोबरपासून लागू झाला आणि हुबेहूब नकलांची विक्री बंद झाली. अपवाद राहिला तो नियमित खेळाडूंसाठी. तिथल्या विक्रेत्यांच्या संघटनेने नोंदणीची एक पद्धत घातली आहे. खेळाडूने एखाद्या मान्य मैदानावर निदान तीनदा, तेही किमान छप्पन्न दिवसांच्या अवधीत पसरून खेळायचे, मगच त्याची नोंद होते आणि त्याला खऱ्यासारखे पिस्तूल विकत मिळते. बाकीच्यांनी भडक रंगाचे घ्यायचे. आधी खेळ, मग खरेदी! आपण मात्र कुठल्याही छंदाची सुरुवात दुकानापासून करतो. संगीताच्या क्लासला जाण्याआधी पेटी येते, पोहायला शिकण्याआधी चष्मा येतो. या छंदात तरी हा क्रम उलटा करावा. मैदानांवर बंदुका भाड्याने मिळतात. तीन रविवार भाड्याची वापरावी. आवड टिकली तर घ्यावी. निम्म्या घरांतला प्रश्न तिथेच मिटेल.

मैदानावर जाण्याचे आणखी एक कारण आहे. चिबाच्या त्या मैदानावर मी गेलो तो मनात कुरकुर घेऊनच. पोरे सैनिकांचे कपडे घालून एकमेकांवर गोळ्या झाडणार, यात पाहायचे काय? सकाळी प्रत्येकाच्या बंदुकीचा वेग यंत्रावर मोजला गेला. विश्रांतीच्या जागेत शिरण्याआधी प्रत्येकाने मॅगझिन काढून बंदूक रिकामी केली. खेळाच्या हद्दीत चष्मा क्षणभरही कुणी काढला नाही. आणि मग एक गोष्ट लक्षात आली. या खेळातल्या गोळीचा डाग पडत नाही. रंगाच्या गोळ्यांच्या खेळात अंगावर रंग उडतो, सर्वांना दिसतो. इथे गोळी लागली हे फक्त ज्याला लागली त्यालाच कळते. मग त्याने स्वतः हात वर करून "हिट" म्हणायचे आणि मैदानाबाहेर जायचे. पंच पाहत नसतो, पुरावा नसतो. तरी दिवसभर झुडपांमागून "हिट! हिट!" असे आवाज येत होते. वेगळेच पाहायला मिळाले. ज्या खेळात बाद झालो हे आपणच सांगायचे असते, तो खेळ मुलाला वाईट वळण लावील असे मला म्हणवत नाही. अंपायरकडे बघत खेळपट्टीवर उभे राहणाऱ्या फलंदाजांची सवय असलेल्या आपल्याला तर हे शिकण्यासारखेच आहे.

ताईची मूळ धास्ती वेगळी होती. "हातात बंदूक आली की पोरगं हिंसक होईल," ती म्हणाली. ही धास्ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण आपण सारेच धनुष्यबाण आणि लाकडी तलवारी खेळत वाढलो. दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे तलवार उपसून उभे असतात आणि त्यांच्या पायाशी आपण हळिवाची हिरवळ उगवतो. शस्त्राच्या खेळाने माणूस क्रूर होत असता, तर महाराष्ट्रातले प्रत्येक अंगण रणांगण झाले असते. फरक एवढाच की, मातीच्या मावळ्याला कुणी खरा शिपाई समजत नाही. हे पिस्तूल पाहणारा मात्र ते खरेच समजतो, आणि समजावे म्हणूनच ते तसे बनवलेले असते. खऱ्यासारखे दिसणे हाच त्याचा विकला जाणारा गुण आणि तोच त्याचा धोका. म्हणून मुलाच्या मनात हिंसा आहे का, हे तपासत बसण्यापेक्षा त्याच्या सवयी तपासाव्यात. जो सायकलला न चुकता कुलूप लावतो, उसनी वस्तू सांगितल्या दिवशी परत करतो, रागावला की वस्तू आपटत नाही, त्याच्या हाती हे द्यायला हरकत नाही. बाकीच्याने आधी सायकलचे कुलूप लावायला शिकावे.

इथल्या वाचकांसाठी दोन शब्द. परदेशातून येताना भाच्या-पुतण्यासाठी असले पिस्तूल भेट म्हणून आणण्याचा विचार मनातसुद्धा आणू नये. विमानाच्या हातसामानात खऱ्यासारखे दिसणारे खेळणेही चालत नाही आणि पेट घेणाऱ्या गॅसचा डबा तर कुठल्याच सामानात चालत नाही. शिवाय इकडे उतरल्यावर कस्टमचा अधिकारी आणि १९५९ चा शस्त्र कायदा उभे आहेतच. आपल्या मुलाला नेम धरण्याची खरी ओढ असेल तर आपल्याकडे त्याहून सरळ आणि मानाची वाट आहे. दहा मीटर एअर पिस्तूल हा १९८८ पासूनचा ऑलिंपिकचा प्रकार. साडेचार मिलिमीटरचा छर्रा, दाबलेल्या हवेची ताकद, आणि समोर साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे दहा गुणांचे वर्तुळ. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलातच सुवर्णपदक मिळवले, तो प्रकार पंचवीस मीटरचा होता. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळेने रायफलीत कांस्यपदक आणले. अशा मुलांची सुरुवात प्रशिक्षकाच्या नजरेखाली, नेमबाजीच्या रेंजवर होते. तिथेही पहिला धडा नेमाचा नसतो. पिस्तूल खाली कसे ठेवायचे, हा असतो.

खरे तर एअरसॉफ्टच्या नवख्यालाही हाच धडा पुरेसा आहे. कोणते मॉडेल, कोणता गॅस, किती गोळ्यांचे मॅगझिन, हे दुकानदार तासाभरात समजावून देईल आणि माझ्या या लेखाचा अर्धा भाग त्यावरच खर्च झाला आहे. पण सौम्य निवडावे, हाताला बसेल असे निवडावे, दुरुस्त होईल असे निवडावे, चष्मा आधी घ्यावा आणि पेटीला कुलूप लावावे, हे सांगणे दुकानदाराचे काम नाही. ते घरातल्यांचे आहे. मुलाला सरळ "नको" म्हणणे सोपे असते आणि पैसे काढून हातात देणेही सोपे असते. त्याच्याबरोबर दुकानात उभे राहणे, मैदानावर एक रविवार उन्हात काढणे आणि संध्याकाळी पिस्तूल रिकामे केले का, असे न चुकता विचारणे, याला वेळ लागतो. एवढा वेळ घरातल्या एकाकडे तरी असेल, तर खुशाल पिस्तूल घ्यावे. नसेल तर बुद्धिबळाचा पट अजूनही स्वस्त आहे.